खिम्यावरची उदबत्ती

देवापुढे मी जन्मात लावल्या नसतील तेवढ्या उदबत्त्या चेन्नईतल्या दोन वर्षांत खिम्यापुढे लावल्या. खोटं वाटेल, पण हे सगळं अगदी शिस्तीत चालायचं.

रविवारी सकाळी दोन बसस्टॉप पलीकडच्या दुकानातून अर्धा किलो खिमा आणायचा, तोही ऑफिसच्या बॅगेत, फायलींच्या खाली दडवून. घर नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत. मी वर, घरमालकीण सकवारबाई खाली. आल्या आल्या खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा, जिन्यात तीन उदबत्त्या पेटवायच्या आणि मगच कांदा तेलात टाकायचा. खिमा शिजेस्तोवर मी स्वतःच निम्मा शिजून निघायचो. दुसऱ्या दिवशी कागद आणि पिशव्या बॅगेतूनच आमच्या एन्नोरच्या कारखान्यात नेऊन तिथल्या डब्यात टाकायच्या. चोऱ्यासुद्धा लोक याहून निवांतपणे करत असतील.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मराठीसाठी.

कमलिनी गेली आणि पुण्यातल्या घरात मला राहवेना, म्हणून बदली मीच मागून घेतली. मूलबाळ नव्हतं. पंचवीस वर्षं रविवारी आमच्याकडे खिमा-भात व्हायचा. मी मटार सोलायचो, ती परतायची, आणि जेवताना माझ्या ताटातले बटाटे उचलायची. माझ्याच ताटातले का, हे तिने कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर मी खिमा करायला शिकलो, बऱ्यापैकी शिकलो, पण बटाटे ताटात तसेच राहायचे. मला दुसरं काही नको होतं. रविवारी त्या भातासमोर कुणीतरी बसावं, एवढंच.

घर बघायला गेलो तेव्हा दारावर 'टी. राव' अशी पाटी होती. आतून एक सत्तरीच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "या, बसा. उन्हांतून आलांत. कॉफी घ्याल कीं?" पंधरा दिवस हॉटेलात खाणाखुणांवर काढलेल्या माणसाला तेवढं पुरे झालं. त्यांनी नाव विचारलं. मी 'त्र्यंबक देशपांडे' म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि किल्ली दिली.

ऑफिसातला व्यासराज तंजावरकडच्या मराठी ब्राह्मण घरातला. त्याला सांगितलं तर तो गंभीर झाला. "मराठी बोलणारे राव म्हणजे आमच्यांतलेच, सार. जपून राहा. अंडेंसुद्धा चालायचें नाहीं." मी विश्वास ठेवला. खरं तर 'सकवारबाई' हे नाव ऐकूनच मला कळायला हवं होतं. हे नाव भटाब्राह्मणांच्या घरचं नव्हे, तलवारी गाजवणाऱ्या मराठ्यांच्या घरचं. पण अक्कल हवी त्या वेळी कधी हजर असते का? शिवाय आम्ही सीकेपी. देशपांडे आडनाव ऐकलं की पुण्यातसुद्धा लोक आम्हाला ब्राह्मण समजून वरण-भात वाढतात, आणि आमचा जीव अडकलेला मटणात. दारातच हे सांगून टाकायला हवं होतं. पण घर गेलं असतं आणि घराबरोबर ती बोलीही गेली असती. मी उदबत्त्यांचा पुडा आणला.

रोज संध्याकाळी त्या ओट्यावर मला कॉफी द्यायच्या. त्यांचे यजमान तुकोजीराव पाच वर्षांपूर्वी गेलेले. मुलगी भवानी लग्न होऊन बंगळूरला. त्या बोलायच्या, मी ऐकायचो, कधी उलटं. फक्त रविवारी त्या बोलवायच्या नाहीत. "रविवारीं तुमचें पूजेचें असतें," म्हणायच्या. मी मनातल्या मनात उदबत्तीवाल्याचे आभार मानायचो.

एकदा त्या म्हणाल्या, "रविवार फार लांब असतो, नाहीं का?"

"हो," मी म्हणालो. बस, एवढंच.

२००९च्या फेब्रुवारीत त्या न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. भवानी आली आणि आईला आता एकटं ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं. सकवारबाईंचं मत कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

निघायचा दिवस शनिवार होता. फाटकात भंगारवाला बसला होता आणि ओट्यावर सामानाचा ढीग पडला होता. परातींच्या खाली मला एक लोखंडी यंत्र दिसलं. लाकडी मुठीचं, दांडा फिरवायचं. मी ते उचललं. असलं यंत्र माझ्या आजीकडे होतं.

"ते कोत्तुकरीचं मशीन, अंकल," भवानी म्हणाली. "खिमा. अप्पांना फार आवडायचा. दर संडेला इडिअप्पम आणि कोत्तुकरी. अप्पा गेल्यावरसुद्धा अम्मा करायची, एकटीपुरतं. तुम्ही आल्यावर बंद केलं."

"का?"

"तुमची पूजा असायची ना. जिनाभर उदबत्तीचा वास. अम्मा म्हणाली, वर देवमाणूस राहतो, खालून मटणाचा वास जायला नको."

मी यंत्र मांडीवर घेऊन पायरीवरच बसलो. मला स्वतःची इतकी चीड आली की ते यंत्र कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं. मग उठलो आणि आत गेलो. सकवारबाई नेसून, पर्स मांडीवर धरून खुर्चीत बसल्या होत्या.

"मावशी, ती पूजा नव्हती," मी म्हणालो. "खिमा होता. वास लपवायला उदबत्त्या लावत होतो. दर रविवारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या यंत्राकडे. आणि हसायला लागल्या. खुब्यावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो. मग त्या एकदम थांबल्या.

"दोन वर्षें, त्र्यंबकराव," त्या म्हणाल्या. "अय्यो. दोन वर्षें."

"चुकलो मी."

"मी कोणती शहाणी? मीही विचारलें नाहीं." त्यांनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. "आज काय केलेंत?"

"आज शनिवार, मावशी. आज काही नाही."

"होय. शनिवार." त्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "भवानीच्या सासरीं कांदासुद्धा बेतानें. तेथें हें नांव काढायचें नाहीं."

तेव्हा मला खरं कळलं. स्वतःच्या चुलीची शेवटची दोन वर्षं त्यांच्याकडे होती, आणि ती मी उदबत्त्या लावून वाया घालवली.

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. काठीवर भार टाकत त्या निघाल्या, आणि चालता चालता मला सांगायला लागल्या: दुकानातला खिमा घेऊ नका, हाड नसलेलं मटण आणा, घरीच यंत्रातून काढा. बडीशेप भाजून घाला. शेवटी नारळाचं दूध, आणि ते घातल्यावर उकळी नाही. भात नको, इडिअप्पम. गाडीचं दार लागलं तरी काचेतून त्यांचे ओठ हलत होते. मिरीचं काहीतरी असावं. ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरचा इडिअप्पमवाला गल्लीत ओरडला. दोन वर्षं मी त्याला ऐकत होतो आणि तांदळाच्या त्या शेवयांचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी चार घेतले. यंत्र स्वयंपाकाच्या ओट्याला घट्ट आवळलं आणि दांडा फिरवला. खिडक्या सताड उघड्या होत्या. दारही. बडीशेपेचा, मटणाचा, नारळाचा वास जिन्यावरून खाली गेला आणि कुलूप लावलेल्या दारापाशी थांबला. तो घ्यायला तिथे कुणी नव्हतं. मला रडू आलं, आणि मी ते कांद्यावर ढकललंही नाही. कांदा केव्हाच परतून झाला होता.

ताट वाढून बसलो तर मोबाइल वाजला.

"मी," आवाज अगदी हळू होता. "खोलीचें दार लावलें आहे. सगळीं देवळांत गेलींत. केलेंत काय?"

"केलं. आत्ता वाढून घेतलंय."

"सांगा बघूं."

मी सांगितलं. रंग कसा आलाय, तेल किती सुटलंय, इडिअप्पमवर रस कसा मुरतोय. त्या मधे मधे 'हं' म्हणत होत्या. मग म्हणाल्या, "आतां खा. मी ऐकतें."

मी एक घास घेतला.

"मीठ बरोबर आहे कीं?"

बरोबर आहे, असं म्हणणार होतो. पण त्या घरात खोटं पुष्कळ बोलून झालं होतं.

"विसरलो, मावशी. घातलंच नाही."

"मग घाला," त्या म्हणाल्या. "मी थांबतें."