एझ्रासाहेबांची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, चांदीच्या मुठीची. सध्या मी ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात, मीनाक्षीच्या दाराशी उभी असते.

माझा जन्म अमेरिकेत, दीडशे वर्षांपूर्वी झाला आणि तोही हेव्यापोटी! माझे पहिले मालक एझ्रा हॉलवर्थ. ते आणि त्यांचा मित्र सायलस एकाच पेढीत कारकून होते. पुढे दोघांनी स्वतःच्या बँका काढल्या, त्याही समोरासमोर. सायलसने सोन्याच्या मुठीची काठी घेतली, तेव्हा एझ्रासाहेबांना अन्न गोड लागेना. त्यांनी मला घडवून घेतलं. लोक माझं कौतुक करत, पण साहेबांची नजर रस्त्यापलीकडेच असे.

एका मंदीत सायलसची बँक बुडाली. तो मदत मागायला आला. "साहेब घरी नाहीत म्हणून सांग," असं नोकराला बजावून साहेब पडद्याआडून त्याला परत जाताना बघत राहिले. त्यांची मूठ माझ्यावर आवळली होती. मत्सर मी तिथेच शिकले. सायलस गाव सोडून गेला. पुढे पस्तावून साहेबांनी त्याला खूप शोधलं, पण तो सापडला नाही.

साहेबांच्या नातीबरोबर मी ऑस्ट्रेलियात आले. बऱ्याच वर्षांनी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मीनाक्षीने मला आपल्या वडिलांसाठी, प्रल्हादरावांसाठी घेतलं. दोन वर्षं आम्ही रोज लाइट रेलच्या, म्हणजे ट्रामच्या, स्टॉपपर्यंत फिरायला जात होतो. मग तिने ॲल्युमिनियमची काठी आणली.

"बाबा, ही किती हलकी आहे बघा!"

"वा, घडी करून पिशवीतसुद्धा मावते!" प्रल्हादराव म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'मोडू दे मेली!' असं मी रोज मनात म्हणायचे.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी रस्त्यावर दव गोठलं होतं. नव्या काठीचं टोक सटकन घसरलं आणि प्रल्हादराव पडले. त्यांचं उजवं मनगट मोडलं. मला हवं तेच झालं होतं, पण आता त्या हाताला मलाही धरता येईना.

"फेकूनच देते ही काठी!" मीनाक्षी रडवेली झाली.

"येस, बिन इट!" नात मयूरा म्हणाली.

"अगं, तिचा काय दोष?" प्रल्हादराव म्हणाले. "खालचं रबर झिजलंय. आपणच बघितलं नाही. दोघींनाही नवं रबर बसवून आण."

दोघींनाही! माझी मलाच शरम वाटली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची काठी असेल, तर ती उलटी करून तिचं रबर बघत जा. प्रल्हादरावांचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. त्यांनी त्या नव्या काठीलाच हातात घेतलं, तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू? पण तिचं टोक घसरू नये, असं मात्र आता मला मनापासून वाटतं.