रेडिओ बारीक कर, चेस्टर

चेस्टर व्रोबेलला जाऊन दोन हिवाळे झाले होते, आणि लॉटीला त्याचं सगळं आठवत होतं, फक्त आवाज आठवत नव्हता. शब्द होते. "माझे मोजे कुणी पळवले?" होतं, "ही कॉफी आहे की चुलीचं धुवण?" होतं. पण भांडी विसळताना तेच शब्द ती त्याच्या आवाजात म्हणून बघायची, तेव्हा दर वेळी आवाज निघायचा तिच्या थोरल्या भावाचा. तो भाऊ तिला जिवंतपणीही कधी आवडला नव्हता.

तिने घर पालथं घातलं होतं. लग्नाची फिल्म मुकी. ख्रिसमसच्या व्हिडिओंत सगळे कलकलाट करताहेत आणि कॅमेरा चेस्टरच्या हातात; हात हलू नये म्हणून तो पठ्ठ्या श्वास रोखून उभा. फोनवर निरोप ठेवायच्या यंत्रात आवाज लॉटीचाच. जो माणूस तीसेक वर्षं अख्ख्या बफेलो शहराशी बोलला, त्याच्या स्वतःच्या घरात त्याचा एक शब्द शिल्लक नव्हता. याला काय म्हणावं?

अख्ख्या शहराशी म्हणजे रेडिओवरून. 'कॉफी आणि कटकट' हा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला तो मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात. ग्रेडी मॅकस्वीनी नावाचा पोरगेला निवेदक पहाटे हवामान वाचायला म्हणून आला आणि अडकून पडला. त्याला सोडवायला कुणी पोचेना. वाजवून वाजवून रेकॉर्डी संपल्या, तेव्हा त्याने शहराच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला शिव्या घालायला सुरुवात केली आणि स्टेशनचा फोन नंबर सांगून टाकला. घराघरांत कोंडलेली माणसं फोनवर तुटून पडली. बर्फ वितळला, फोन काही थांबले नाहीत. या गावाकडे कुरकुरायला दोनच विषय, बर्फ आणि टीम, आणि बर्फाला शिव्या देऊन त्याला काही लाज वाटत नाही. टीमलाही वाटत नाही म्हणा, पण आशा असते.

चेस्टरने पहिला फोन केला तो पोलादाची गिरणी बंद पडली त्या वर्षी. नोकरी गेली तरी तो पहाटे उठायचा, दाढी करायचा, डबा भरायचा आणि स्वयंपाकघरातच टेबलाशी बसायचा. समोरचा माणूस ओट्याशी काम करतोय याचं त्याला भान नसे. टीमने काय करायला हवं होतं हे तो लॉटीच्या पाठीला सांगत राही. एके दिवशी तिचा संयम संपला.

"मला काय सांगतोस? मी का कोच आहे? त्या ग्रेडीला सांग!"

चेस्टरने खरंच फोन फिरवला. फोन स्वयंपाकघरातच, भिंतीवर. शेजारी लॉटीचा रेडिओ मोठ्याने चालू, त्यामुळे फोनमध्ये त्याचंच बोलणं मागून घुमायला लागलं.

"रेडिओ बंद कर ना, लॉटी!"

"रेडिओ माझा आहे. तू जा तळघरात."

तिने लांब वायरवाला दुसरा फोन तळघरात बसवून घेतला, आणि तेव्हापासून चेस्टर खाली, रेडिओ वर, अशी वाटणी झाली. बफेलोला लागूनच असलेल्या त्यांच्या गावावरून, चीक्टोवागाचा चेस्टर म्हणून शहर त्याला ओळखू लागलं. गिरणीनंतर त्याला शाळेत झाडलोटीचं काम मिळालं, पण त्याची ओळख विचाराल तर ती हीच.

आता या कार्यक्रमाचा पहिला नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: फोन लागला की आपला रेडिओ बारीक करायचा. कारण फोनवर बोललेलं रेडिओतून बाहेर पडतं ते सात सेकंद उशिरा. कुणाच्या तोंडून काही वावगं गेलं तर स्टेशनवाल्यांना ते कापता यावं म्हणून ही सोय. रेडिओ चालू असला की आपलंच आधीचं वाक्य मागून येतं आणि माणूस गडबडतो. सगळे मुकाट्याने नियम पाळत. चेस्टर सोडून.

"रेडिओ बारीक कर, चेस्टर!" ग्रेडी रोज ओरडायचा. "तुझ्या मागे आणखी एक चेस्टर बोलतोय. एकच डोक्याला पुरे आहे रे!"

लॉटीने एकदा बटणाला हात घातलाही होता. "बारीक करू का?" म्हणून जिन्यातून विचारलं. खालून कोण कासावीस ओरड! "हात लावू नकोस! असू दे तसाच!" तिला वाटलं, मिरवायची हौस. ऐकतोय आपलीच मुक्ताफळं.

तर तिच्या सकाळी अशा. आधी खरा चेस्टर पायाखालच्या फळ्यांतून, घोगरा, अर्धवट. मग सात सेकंदांनी तोच ओट्यावरच्या रेडिओतून, नीटनेटका. फळ्यांतून "च्यायला" आलं की ती हातातलं काम थांबवून रेडिओकडे बघायची. तिथे तेवढ्यापुरती शांतता आली की समजायचं, कापलं. शहराच्या कानावर कधी न पडलेल्या चेस्टरच्या सगळ्या शिव्या तिच्या एकटीच्या वाट्याला आल्या.

आणि ती हसायची. हे मात्र चेस्टरला कधी कळू द्यायचं नाही, असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. आधीच शेफारलेला माणूस, त्यात आपण हसलो तर डोक्यावर बसेल. ऐन अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी आपल्या किकरने लाथेने मारलेला चेंडू खांबांच्या मधून जायचा तो उजवीकडून बाहेर गेला आणि सामना हातचा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शहर सुतकात होतं. ग्रेडीचा आवाज बसलेला. तेव्हा चेस्टर म्हणाला, "ग्रेडी, माझी बायको झोपेत लाथ मारते ना, ती याच्यापेक्षा सरळ जाते."

आणि गप्प झाला. कसलं तरी भारी बोलून झालं की तो असाच गप्प व्हायचा. ग्रेडी विचारायचा, "आहेस का रे? झोपलास?" लॉटीला वाटायचं, पुढचं विसरला. रेडिओतून ती लाथ दुसऱ्यांदा आली तेव्हा मात्र तिला आवरेना. भांडी पुसायचं फडकं बाजूला टाकून ती ओट्याला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. चेस्टर वर आला तेव्हा तिचा चेहरा दगडाचा.

"माझ्या लाथा गावभर कशाला?"

"कुणी ऐकतंय थोडंच," तो म्हणाला, आणि शीळ घालत कॉफी ओतून घेतली. इतका हरलेला दिवस, आणि हा शीळ घालतोय.

पुढे टीम पुन्हा पुन्हा हरली, ग्रेडीचे केस पांढरे झाले, चेस्टरचं हृदय कुरकुरायला लागलं आणि एका फेब्रुवारीत थांबलं. आणि आता स्टेशनही विकलं गेलं होतं. नव्या मालकांना सकाळी गाणी हवी होती. शेवटचा आठवडा जाहीर झाला, आणि ग्रेडीने सांगितलं की रोज जुन्या टेपा काढून जुने फोन ऐकवणार.

लॉटी सोमवारी उजाडायच्या आत रेडिओसमोर खुर्ची टाकून बसली.

सोमवारी चेस्टरचा आवाज आला नाही. मंगळवारी टोनावांडाचा व्हिनी आला, चेस्टरसारखाच रोज फोन करणारा, बुधवारी पुन्हा व्हिनी. "त्या मेल्याला काय दोन तिकिटं दिलीत?" ती रेडिओवर खेकसली. गुरुवारी एका टेपेत ग्रेडी म्हणाला, "पुढचा फोन चीक्टोवागाहून," आणि ती खुर्चीतून पुढे सरकली. पण ती कुणी बाई होती, तिकिटांच्या रांगेबद्दल बोलत होती.

"आई, तूच फोन कर ना त्यांना," मुलगी जनीन म्हणाली.

"मी? घरात एक खुळा होता, तेवढा पुरे."

शुक्रवारी कार्यक्रम संपत आला तेव्हा तिने फोन उचलला. लागेना, लागेना, मग लागला. कुणीतरी नाव-गाव विचारून घाईघाईने म्हणालं, "लाइन धरून ठेवा, आणि रेडिओ बंद करा." बंद? आणि नेमका तेवढ्यातच चेस्टर लागला तर? ती भिंतीवरचा फोन तसाच लोंबता सोडून, कठडा धरत तळघरात उतरली आणि खालचा फोन कानाला लावून त्याच्या खुर्चीत बसली. वर रेडिओ चालूच होता. खुर्ची अजून त्याच्या बाजूने खचलेली होती.

"चीक्टोवागाहून लॉटी! बोला लॉटी, पहिल्यांदाच फोन करताय?"

"पहिल्यांदाच. मी चेस्टरची बायको."

ग्रेडी मॅकस्वीनीचा रेडिओवरचा आवाज एकदम उतरला.

"मिसेस व्रोबेल," तो हळूच म्हणाला.

"त्याची टेप आहे का? मी सोमवारपासून बसलेय. माझ्याकडे त्याचा आवाज नाहीये हो. कशातच नाही. आणि डोक्यातूनही चाललाय."

"नाही," ग्रेडी म्हणाला. "सगळ्यात आधी मी त्याचीच शोधली. इमारत बदलली तेव्हा पेट्याच्या पेट्या कचऱ्यात गेल्या. मला माफ करा."

छतातून तिचंच वाक्य उशिरा खाली आलं. डोक्यातूनही चाललाय.

"तुमचा रेडिओ बारीक..." ग्रेडी सवयीने म्हणाला आणि थांबला. "नको. असू दे. तो का बारीक करायचा नाही, हे सांगितलं होतं त्याने कधी?"

"मिरवायला. दुसरं काय?"

"मलाही तसंच वाटायचं. एकदा जाहिराती चालू असताना मी त्याला चांगला झापला. तर म्हणाला, 'ग्रेडी, माझी बायको माझ्यासमोर हसत नाही. पण मी इथे काही बोललो ना, की गप्प बसून वाट बघतो. वर रेडिओत ते येतं, आणि मग छतातून तिचं हसू येतं. मी काय तुझ्या टीमसाठी फोन करतो होय? रेडिओ बारीक केला तर तिला कसं कळणार, कुठे हसायचं?'"

लॉटीने वर, फळ्यांकडे बघितलं. ती तिथे उभी असायची. ओट्याला धरून, एकटी, चोरून. तीस वर्षं ती ज्या माणसापासून हसू लपवत होती, तो इथे मान वर करून त्याचीच वाट बघत बसलेला असायचा. आणि तिने एकदा, एकदा जरी त्याच्या तोंडावर हसून दाखवलं असतं!

"मिसेस व्रोबेल? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. एक गोष्ट इतकी वर्षं सांगायची राहून गेली होती. "ग्रेडी, ते लाथेचं."

"झोपेतली लाथ? ती कोण विसरेल!"

"मी झोपेत लाथा मारत नव्हते. तो घोरायचा. मी चांगली जागी असायची आणि नेम धरून मारायची."

ग्रेडीला हसू फुटलंच. आणि लॉटीही हसली, फोनवर, उघडपणे, सगळ्या शहरादेखत, तोंडावर हात न ठेवता. मग तिने तोंडाशी बोट नेलं, जणू ग्रेडीला ते दिसत होतं.

"थांब जरा. वरचं येऊ दे."

ती मान वर करून गप्प बसली. मग रिकाम्या स्वयंपाकघरातून, फळ्यांच्या फटींतून, एका बाईचं हसणं खाली आलं. तिने ते संपेपर्यंत ऐकलं. चेस्टरला खालून जे ऐकू यायचं, ते हेच.