मालकाच्या खुर्चीवरची बत्ती

भागाबाई आठवते ती आधी वासानं: घासलेट, स्पिरिट आणि बत्तीतल्या जळलेल्या जाळीची राख. मग आवाज येतो, गॅसबत्तीत हवा भरल्यावर उठणारा, मोहोळासारखा अखंड घुमणारा. चेहरा शेवटी. उजव्या भुवईला केस नव्हते. स्पिरिटच्या ज्वाळेनं एकदा नेले ते परत आले नाहीत, आणि तिनं त्यांची वाटही पाहिली नाही.

पौषात धानाची खळी मोकळी झाली की आमच्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतींचे पट भरत, आणि पटाच्या दिवशी गावात नाटक होई. एकोणीसशे पन्नासच्या पुढची वर्षं ती. वीज गावानं ऐकली होती, पाहिली नव्हती. नाटकाच्या चार गॅसबत्त्या भागाबाईचा नवरा सांभाळी. त्याचा हात भाजला आणि बत्त्या तिच्याकडे आल्या. बाईमाणसानं मांडवाच्या खांबाशी शिडी लावावी हे कुणाला रुचलं नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हातून जाळी धड राहत नव्हती. शेतात ती दुसऱ्याची, घरात सासूची. तिचं स्वतःचं असं एकच होतं, तो उजेड.

तिचं-आमचं अंगण एकच, म्हणून तिचे शब्द मला फुकट मिळाले. नटाच्या समोर टांगायची ती तोंडबत्ती. तिनं चेहरा दिसतो, पण माणूस भिंतीवरच्या चित्रासारखा चपटा होतो. मागून लावायची ती पाठबत्ती. तिनं केसांना, खांद्यांना कड येते आणि माणूस अंधारातून सुटा होतो. नको तिथं जाऊन पडतो तो उजेड म्हणजे सांड. आणि उघडी ज्योत नजरेच्या रेषेत आली की डोळ्यात रुततो, तो काटा. राणीचं काम गोमाजी करी. सकाळी केलेल्या दाढीला दिवस बुडेतो खुंट फुटत. भागाबाई म्हणायची, याला पाठबत्तीच पाहिजे, लोक कड पाहतील, दाढी नाही. पण पाठबत्तीला बत्ती उरत नसे.

कारण चौथी बत्ती मालकाची, म्हणजे गावच्या मालगुजाराची होती. मालगुजारी सरकारनं काढून टाकली होती, खुर्ची मात्र पहिल्या ओळीत तशीच होती आणि खुर्चीवर बत्ती टांगायची रीतही. मालक बसले आहेत हे मागच्या गावाला दिसावं म्हणून. तेवढंच दिसायचं. त्या काट्यानं मागे बसलेल्या आम्हा बायांना राणी कधी धड दिसलीच नाही.

त्या वर्षी दिवस मावळताना तिनं चौथी बत्ती पेटवली आणि मंचामागच्या बांबूला, पत्र्याच्या आडोशानं बांधली. मालक आले. डोकं वर करून पाहिलं.

“भागे, माही बत्ती कुठी हाय?”

“नाटकाच्या कामाले लावली, मालक. इथी तिचा काटा लोकाइच्या डोळ्यात जाते.”

“मंग मी दिसन कसा?”

“तुमचं तोंड गावाले पाठ हाय.”

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मालक म्हणाले, बत्ती आण, नाहीतर उद्यापासून या कामाला हात लावायचा नाही. भागाबाईनं पदराला हात पुसले.

“उद्या ना? आज तं माह्या हाती हाय.”

पडदा वर गेला. गोमाजी मंचावर आला आणि त्याच्या पदराला, केसांना चांदीची कड होती. जन्मभर ज्याला नांगरामागे पाहिलं तो गडी आम्हाला त्या दिवशी राणी दिसला. मालक अंधारात बसले, आमच्यासारखेच.

मालकांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी चांद्याहून बत्तीवाला आणला. तो खुर्चीवर बत्ती टांगू लागला तसा मागून एक म्हातारा म्हणाला, “भाऊ, तिथी नको. काटा जाते.” मग दुसरा म्हणाला, मग बाया म्हणाल्या. बत्तीवाल्याला काटा म्हणजे काय ते कळलं नाही. त्याला समजावून सांगितलं गेलं आणि बत्ती मंचामागे गेली. भागाबाई आमच्यातच बसली होती. तिनं वर पाहिलं फक्त.

तिच्या हाती बत्ती पुन्हा आली नाही. तिच्या त्या चार शब्दांना आता नाटकवाली पोरं फ्रंट, बॅकलाइट, स्पिल, ग्लेअर म्हणतात, म्हणोत. काळ माणसाला चेहऱ्यासकट नेतो, समोरचा सगळा उजेड विझवतो. पण गेलेल्या माणसाच्या मागे एक बत्ती राहते, आणि तिनं आलेल्या कडेवरून मी भागाबाईला अजून ओळखते.