येऊन राहिलो

जानेवारीतला उजेड आमच्या गच्चीवरच्या खोलीत थेट शिरत नाही. शेजारच्या घरावर पाण्याची काळी टाकी आहे. तिच्यामागे तो बराच वेळ अडून असतो. तोवर खोलीत जे असते त्याला उजेड म्हणावे की नुसते अंधाराचे विरळ होणे, हे ठरवता येत नाही. वस्तू दिसतात, पण त्यांना कडा नसतात. मग टाकीच्या उजव्या अंगाने एक बारीक रेघ येते. ती आधी खिडकीच्या गजांवर थांबते, त्यांना गंज कुठे चढला आहे ते दाखवते आणि मग फरशीवर उतरते. तिथे तिचे तिरपे चौकोन होतात. त्या चौकोनांत धूळ तरंगत असते, कुणी न हलवता हलणारी. चौकोन सरकत खाटेपाशी येतात, खाटेचा पाय चढतात, गुंडाळलेल्या गादीच्या सुतळीवर येतात आणि शेवटी पलीकडच्या भिंतीवर जातात. त्या भिंतीत एक खिळा आहे. त्या वेळी खिळ्याची सावली खिळ्यापेक्षा कितीतरी मोठी असते. मग ती हळूहळू आखडत जाते आणि भिंतीवर भिंतीशिवाय काही उरत नाही.

त्या रविवारी हे सगळे मी पाहिले, कारण हातात झाडू घेऊन मी बराच वेळ काहीच करत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आमचे सहावे सेमिस्टर सुरू होणार होते. खोली अर्णवची होती. तो कोल्हापूरकडचा, सिव्हिलला प्रवेश मिळून नागपुरात आला, तेव्हापासून आमच्याकडे भाड्याने राहत होता. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. दिवाळीत त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डिसेंबरात पेपर संपले त्याच संध्याकाळी तो गाडीत बसला. जाताना खिळ्यावरचा आपल्या आईबाबांचा फोटो त्याने काढून बॅगेत ठेवला, चहाचा मग नेला, घोंगडी नेली. सहाव्या सेमिस्टरची पुस्तके मात्र खिडकीत तशीच राहिली. एका सीनियरकडून त्याने ती आधीच मिळवली होती. मी रोज वर येऊन ती पाहत असे. परत यायचे नसते तर माणूस पुस्तके ठेवून कशाला जाईल, असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मला भक्कम वाटत होता.

शिवाय बुधवारी त्याचा निरोप आला होता. फोनवर, एका ओळीचा: ‘काकांकडे येऊन राहिलो. बाकी भेटल्यावर.’

माझ्या वडिलांना अर्णव काका म्हणतो. मी निरोप वाचून दाखवला तेव्हा आई तुरीच्या शेंगा निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले.

‘‘चला, येऊन राहिला पोट्टा,’’ ती म्हणाली. ‘‘त्याचे बाबा बरे झाले असतील. देवच पावला म्हणायचा.’’

आमच्या नागपुरात ‘येऊन राहिलो’ म्हणजे येतो आहे, वाटेत आहे. पाऊस येऊन राहतो, पाहुणे येऊन राहतात, झोप येऊन राहते. अर्णवला याचे भारी कौतुक. पहिल्याच आठवड्यात त्याने मला जेवायला हाक मारली, तेव्हा आई आतून म्हणाली होती, ‘‘थांब, तो आंघोळ करून राहिला.’’ त्यावर हा हसून हसून जिन्यातच बसला. ‘‘काकू, तुमच्याकडं माणूस आंघोळ करून राहतो, जेवून राहतो, भांडून राहतो. आमच्याकडं नुसता राहतो!’’ मग आईनेही त्याला सोडले नाही. ‘‘नुसता राहतो म्हणूनच तं असा वाळला आहे,’’ ती म्हणाली आणि त्याच्या पानात भिवापुरी मिरचीचा झणझणीत रस्सा वाढला. कोल्हापूरच्या तिखटाच्या बढाया त्या दिवशी दोन तांबे पाण्यात विरघळल्या.

मी त्या घरातला मुलगा, पण त्या हसण्यात माझा वाटा ऐकणाऱ्याचा होता. मला बोलता येत नाही असे नाही. बोलायचे वाक्य मनात पूर्ण होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून जाते. अर्णवला ते कसे कोण जाणे, न सांगता कळले होते. व्हायवाला त्याचा नंबर माझ्या आधी असूनही तो मागे थांबायचा आणि मी बाहेर आलो की चेहरा पाहून म्हणायचा, ‘‘आलं होतं, पण सांगितलं नाहीस. होय ना?’’ सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला जो यंत्रापाशी उभा असतो त्याला मैदानाच्या पलीकडच्या पट्टीवाल्याला ओरडून सांगावे लागते: सरळ धर, थोडी डावीकडे. माझा आवाज अर्ध्या मैदानातच खाली पडायचा. तेव्हापासून यंत्र त्याच्याकडे आणि पट्टी माझ्याकडे. दूर, उन्हात, पट्टी धरून उभा असताना त्याचा आवाज माझ्यापर्यंत नीट पोहोचत असे. सहाव्या सेमिस्टरला रामटेकजवळ सर्व्हेचा कॅम्प होता. मी डिसेंबरभर त्या कॅम्पचीच वाट पाहत होतो.

झाडून झाल्यावर मी फरशी पुसली. गादीची सुतळी सोडली. खालून आईचा आवाज आला.

‘‘उन्मेष, त्याची चादर धुऊन ठेवली आहे. घालून दे. अन् ते मधुसूदन सर येऊन राहिले थोड्या वेळात, त्यांच्यासमोर झाडू घेऊन नको उभा राहू.’’

मधुसूदन सर कुठल्याशा पॉलिटेक्निकमध्ये नव्याने लागले होते आणि स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले होते. खोली महिनाभर रिकामी पाहून बाबांनी त्यांना रविवारी येऊन पाहा म्हटले होते. बुधवारी निरोप आल्यावर नको म्हणून कळवता आले असते. पण बाबा जिल्हा परिषदेत जन्मभर समोरासमोर बोलत आलेले. फोनवर नाही म्हणणे त्यांना बरे वाटत नाही.

‘‘त्यायले चहा पाजू, अन् सांगू,’’ ते म्हणाले होते. ‘‘आपला पोरगा येऊन राहिला तं दुसऱ्याले कशी देता येईल?’’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘पण तू एकदा फोन तं लाव ना गा त्याले. पक्कं करून घे.’’

‘‘प्रवासात असेल, बाबा. रेंज नसते.’’

‘‘बुधवारपासून प्रवासात? चालत येऊन राहिला का बे?’’

ते हसले. मीही हसलो. फोन मात्र लावला नाही.

चादर घालत असताना वेदिकाचा फोन आला. ती आमची सी. आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी, आहे आणि तिचे प्रत्येक वाक्य कामाचे असते.

‘‘उन्मेष, कॅम्पच्या जोड्या आज द्यायच्या आहेत सरांना. तुझं नाव कोणासोबत टाकू?’’

‘‘अर्णवसोबत.’’

‘‘अरे, तो वर्गाच्या ग्रुपमधून निघून गेला ना. मले वाटलं, तुले माहीत असेल.’’

‘‘फोन बदलला असेल त्याने. तो... येऊन राहिला आहे. उद्या असेल.’’

‘‘पक्कं ना? नाही तं अंकुश एकटा आहे, त्याच्यासोबत टाकते. तो काही वाईट नाही, फक्त बडबडतो फार.’’

‘‘पक्कं,’’ मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून इतका पटकन कधी निघाला नव्हता.

त्यानंतर मला बसवेना. मी पुस्तके खिडकीतून टेबलावर ठेवली, टेबलावरून पुन्हा खिडकीत. खिडकी उघडली, थंडी आत आली म्हणून लावली. गच्चीत गेलो. खाली गल्लीत भाजीवाला ठेला ढकलत चालला होता; पेरू होते, हिरवे चणे होते. मला चणे हवे होते. अर्णव असता तर इथूनच आरोळी देऊन थांबवले असते. मी कठड्याला हात लावून ठेला वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो.

मधुसूदन सर आले तेव्हा खिळ्याची सावली जवळजवळ संपली होती. तिशीचे, सडपातळ, हातात हेल्मेट. बाबा त्यांना वर घेऊन आले. मागून आई चहाचा ट्रे घेऊन. त्यांनी खोली पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘छान आहे हो. ऊन येतं, वारा आहे. मी उद्यापासून कॉलेजला रुजू होतोय. तुमची हरकत नसेल तर आजच सामान आणतो.’’

बाबा घसा साफ करू लागले. पण आईनेच सांगून टाकले. ‘‘तेच तं भाऊ. तुम्हांले सांगायला कसंसंच वाटते, पण आमचा अर्णव येऊन राहिला ना.’’

‘‘हो का?’’ सर दचकून दारातून दोन पावले मागे सरले. ‘‘माफ करा हं. मला वाटलं, रिकामी आहे. कुठं गेलेत ते? बाहेर?’’

‘‘गावाले गेला.’’

‘‘पण येऊन राहिलेत म्हणालात.’’

‘‘हो ना. येऊन राहिला.’’

‘‘म्हणजे राहतायत इथं.’’

‘‘राहत होता. आता येऊन राहिला.’’

सरांनी खाटेकडे पाहिले, धुतलेल्या चादरीकडे पाहिले, मग माझ्याकडे, जणू मीच तो येऊन राहिलेला असेन. बाबांना एवढे हसू आले की त्यांनी कपबशी खाली ठेवली. ‘‘अहो सर, ‘येऊन राहिला’ म्हणजे येत आहे. अजून आला नाही. आमची भाषाच अशी आहे. मागे एक साहेब होते पुण्याचे. मी म्हटलं, ‘फाइल पाहून राहिलो,’ तं ते म्हणे, ‘पाहून झाली ना? मग सही करा!’’’

सरही मनापासून हसले. ‘‘आमच्या कराडकडं ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि राहिला. बिऱ्हाडासकट. आता आमच्या धाकट्या भावानं कळवलं, ‘मामाकडं येऊन राहिलो.’ मी समजलो, आता तो तिकडंच कॉलेज करणार. तुमच्या नागपूरचा असतो तर त्याला स्टेशनवर घ्यायला गेलो असतो!’’

सगळे पुन्हा हसले. आई तर पदर तोंडाला लावून. मी हसलो की नाही, मला आठवत नाही. खिडकीतली पुस्तके मी पुन्हा हातात घेतली होती आणि ती एकाएकी जड झाली होती.

अर्णवला काका आहेत. कोल्हापुरातच, राजारामपुरीत. त्यांचे घर मोठे आहे, खाली दवाखाना आहे. आजारी माणसाला ठेवायला सोयीचे. हे मला त्याने स्वतः सांगितले होते, दिवाळीनंतर, याच खिडकीत बसून. तिथून जवळ एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, हेही त्याने सांगितले होते. तेव्हा मी विषय बदलला होता. आणि आमचे शब्द तो बोलायचा ते फक्त तोंडाने, आईला हसवायला: मले, तुले, काहून. लिहिताना त्याची मराठी त्याच्या गावाची असायची, इकडच्या एका प्रत्ययाचाही त्यात शिरकाव नसे. विद्यापीठ बदलले की पुस्तकेही बदलतात. ती मग मागे ठेवता येतात.

सरांनी चहा संपवला. आणखी एक खोली पाहायची आहे, म्हणाले, त्रिमूर्तीनगरकडे; ऊन येत नाही तिथे, पण बघतो. बाबा त्यांच्याबरोबर खाली गेले. आई कप गोळा करता करता थांबली.

‘‘तू काहून असा गप्प झाला गा? अन् गाडी किती वाजता आहे त्याची? ओल्या तुरीचे सोलेवांगे करून ठेवले असते गरम.’’

मी तोंड उघडले. सकाळची गाडी, असे मी तिला बुधवारपासून सांगत आलो होतो. निरोपात गाडीचा उल्लेख नव्हता. मीही विचारले नव्हते. येणाऱ्या माणसाला आपण पहिली गोष्ट तीच विचारतो.

‘‘सांग ना.’’

‘‘आई, त्याने गाडीचं काही लिहिलं नाही.’’

‘‘मग काय लिहिलं? वाच बरं पुन्हा.’’

मी फोन काढला नाही. ओळ मला पाठ होती. ‘‘काकांकडे येऊन राहिलो,’’ मी म्हणालो. हळू, एकेक शब्द सुटा करून, कराडचा माणूस म्हणेल तसे.

आईने कप ट्रेमध्ये ठेवले. तिने खाटेवरच्या चादरीकडे पाहिले आणि एका कोपऱ्याची घडी उगाच सारखी केली. ‘‘तो तं तुझ्या बाबाले काका म्हणते,’’ ती म्हणाली, पण ते मला सांगण्यासाठी नव्हते.

मी गच्चीत आलो. बाबा फाटकातून परतत होते. गल्लीच्या तोंडाशी मधुसूदन सर हेल्मेट चढवत होते. मोटरसायकल थंडीने सुरू होत नव्हती, ते किक मारत होते. पलीकडे परत आलेल्या भाजीवाल्याची आरोळी, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी. अंतर फार नव्हते. मैदानापेक्षा कमीच. एवढ्यात इंजिन सुरू झाले आणि सरांनी पाय वर घेतला.

माझे वाक्य मनात पूर्ण झाले नव्हते. मी कठड्याला पोट टेकवून वाकलो.

‘‘सर!’’

ते वळले. बाबाही वर पाहू लागले, भाजीवालाही. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. सरांनी हेल्मेटची काच वर केली आणि हात कानामागे नेला.

‘‘सर,’’ मी पुन्हा ओरडलो, ‘‘खोली रिकामी आहे.’’