काठावरची जागा

धाकूचं पत्र गणपती विसर्जनानंतर आलं होतं, आणि दिवाळीचा फराळ संपला तरी नंदकिशोरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. या जुन्या मित्राला फोनवर ऐकू येत नसे, म्हणून तो पत्रं लिही, तीही बोलतो तशी मालवणीत. 'नंद्या, मालकान जुनी होडी काढून टाकली. आता कॅटमरान हाडल्यान. दोन बुडां, मधी जाळी. ही कलणा नाय रे. काठार बसाक कोणाची गरज लागणा नाय. वळवताना मात्र मधीच अडकता. तू पुस्तकां वाचतस, माका सांग.'

'कोणाची गरज लागणा नाय' हे शब्द नंदकिशोरांना माशाच्या काट्यासारखे रुतून बसले.

गेली तीस वर्षं ते रविवारी दिंडोशीहून मार्वेला आणि तिथून फेरीबोटीने मनोरीला जात. पत्र आल्यापासून मात्र गेले नव्हते. गिरणी बंद पडल्यावर धाकू तिथे एका बंगल्याची राखण करायला लागला होता आणि मालकाची शिडाची होडी चालवायची त्याला मुभा होती. सुकाणू धाकूकडे. शिडात वारा भरला की होडी एका अंगावर कले आणि धाकू म्हणे, "नंद्या, रेल मागे." मग नंदकिशोर वाऱ्याकडच्या काठावर बसून, पाय आत अडकवून, पाठ पाण्यावर झोकून देत. ग्रंथालयात मान खाली घालून पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या माणसाच्या वजनाने एक होडी सरळ राही. आयुष्यात दुसरं काही आपल्या वजनाने हललं होतं, असं त्यांना आठवत नसे.

आता ते काम कॅटमरानचं दुसरं बूड करत होतं. एखाद्या माणसाचा हेवा केला तर एक वेळ समजता येईल. आपण एका पोकळ डब्यावर जळतोय याची त्यांना लाज वाटे. पण जळणं काही थांबेना.

शेवटी एका रविवारी ते मार्वेच्या धक्क्यावर गेले आणि फेरीत न चढता बाकावरच बसून राहिले. शेंगा विकणाऱ्या शेवंतीने त्यांना ओळखलं.

"काय काका, भांडण झालं का? म्हातारा एकटाच फिरवतोय."

"नाही गं. सहज आलो."

तेवढ्यात कॅटमरान दिसली. रुंद, सपाट. धाकू जाळीवर मांडी घालून पान चघळत होता. जुन्या होडीत मांडी घालायची सोयच नव्हती.

"बसलाय बघा कसा, लग्नातल्या व्याह्यासारखा," शेवंती म्हणाली.

नंदकिशोरांना ते बघवेना. वळताना मात्र कॅटमरान वाऱ्यात नाक खुपसून थांबली आणि उलटी मागे सरकायला लागली. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला, फारच बरं वाटलं.

कशीबशी ती वळली, आणि वाऱ्याचा मोठा झपाटा आला. नंदकिशोर बाकावरच पाय ताणून मागे रेलले.

"काका, चक्कर आली का?"

ते होडीकडेच बघत होते. धाकू शिडाची दोरी आवळून तसाच बसला होता. होडी कलली की दोरी सोडायची, ही त्याच्या हातांची तीस वर्षांची सवय. ही कलतच नव्हती. मग वाऱ्याकडचं बूड एकदम पाण्याबाहेर उचललं गेलं. तेव्हा कुठे त्याने दोरी सोडली आणि ते धाडकन खाली आदळलं. धाकू हसत होता.

"मागच्या रविवारीही हेच झालं," शेवंती म्हणाली. "कधीतरी पालथा होणार."

घरी येऊन नंदकिशोरांनी कागद घेतला. 'असल्या तरंगत्या ओट्याला होडी म्हणतात का?' असं लिहिलं आणि तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं:

'धाकू, वळताना आधी वेग घे, सुकाणू हळू फिरव. पुढचं लहान शीड लगेच सोडू नको. वारा त्यात उलटा भरून नाक पलीकडे ढकलेल, मग सोड. आणि ही होडी कलून तुला सांगणार नाही. पाण्यावर पांढरे तुरे दिसले की शीड लहान कर, ती कलायची वाट बघू नको. हे सगळं पुस्तकातलं आहे, चुकलं असेल तर हस. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या होडीच्या दुसऱ्या बुडाचा मला हेवा वाटत होता. रविवारी येतो. कुठे बसायचं ते सांग.'

सोमवारी सकाळी ते दोनदा टपालपेटीपर्यंत जाऊन परत फिरले. हेव्याचं वाक्य खोडावंसं वाटत होतं. पण पत्र रविवारच्या आत मनोरीला पोचायला हवं होतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते पेटीत टाकलं.