विहीणबाईंचं गुलाबी सूप

आता सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटलं, तर माझी कवळी काढून तुमच्या हातात ठेवीन.

वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकिणीच्या खिडकीत, डब्यांतून चार जातींचं बेसिल, म्हणजे विलायती तुळस. साधं सुपाला, लिंबाच्या वासाचं माशाला, दालचिनीच्या वासाचं उकडलेल्या नासपतीला. चौथं जांभळं. ते फक्त वरून, कच्चं. त्याला विस्तव दाखवायचा नाही, हा तिचा नियम.

त्या दिवशी लेकीची होणारी सासू पहिल्यांदा जेवायला येणार होती. बाईच्या जिभेला सुरीची धार. थोरल्या मुलाची सोयरीक तिनं भाजीत खडा लागला म्हणून मोडलेली. तेव्हा लेकीचं लग्न त्या पातेल्यावर टांगलेलं होतं म्हणा ना!

बेल वाजली. स्वयंपाकीण हात पुसत दाराकडे धावली आणि इकडे नवऱ्याला मदतीचा झटका आला. जांभळ्याची अख्खी जुडी त्यानं बटाट्याच्या पांढऱ्याशुभ्र, रटरटत्या सुपात ढकलली.

ती परतली. पातेल्यात डोकावली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सूप राखाडी-निळं, फरशी पुसलेल्या पाण्यासारखं!

"हे काय केलंत?"

"जरा शोभा आणली."

"शोभा झाली खरी! पोरीला आता कुठल्या तोंडानं सांगू?"

बाहेर विहीणबाईंनी खुर्ची ओढली. हिनं चमचा बुडवला. चव घेऊन पाहिली, तर चव शाबूत. गेलं होतं ते रूप. माशासाठी चिरलेलं लिंबू हाताशी होतं. काही सुचेना म्हणून तिनं तेच पिळलं, ढवळलं, आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सूप गुलाबी व्हायला लागलं! नवऱ्याच्या हातातली पळी खणकन खाली.

विहीणबाईंनी वाटी पाहिली. आ वासला तो मिटेचना. मग एक चमचा. मग दुसरा.

"असलं मी जन्मात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तारीख काढा."

पण खरी गंमत पुढंच. बाईंनी पातेलंच तोंडाला लावलं, आणि तो गुलाबी रंग जिभेत असा मुरला, की त्या दिवसापासून सुनेला एक कडू शब्द म्हणून—

"आबा!" दारात भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली स्वयंपाकिणीची लेक ओरडली. "सूप गुलाबी झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सासूबाई आणि गोड? अहो, तुमच्या भिंतीपलीकडेच राहतो आम्ही. आज सकाळी कान काय खुंटीला टांगले होते?"