तांबूचा खुंटा

मी खुंटा बोलतोय. ठकूबाईच्या गोठ्यातला, तांबू गाईचा. सारा जन्म उभ्यानं काढला आणि आज पहिल्यांदाच अंगणात आडवा पडलोय, तेव्हा जरा भरभर बोललो तर सांभाळून घ्या. माझ्या बुडाशी पोकळी पडली आहे आणि त्या पोकळीत मुंग्यांचं घर आहे. समोर फणसाखाली तांबूला विण्याच्या कळा लागल्यात. आणि मला जाळायचं की ठेवायचं, यावर माणसांची हुज्जत चालली आहे.

उमरठच्या वरच्या अंगाला, चढण संपली की आमची वाडी लागते. त्या चढणीवरच्या ऐनाच्या झाडाची मी फांदी. ठकूबाईच्या मालकांनी, सोनबांनी, मला कोयत्यानं तासलं, टोक काढलं आणि दगडानं ठोकठोकून गोठ्यात रोवलं. ठोकताना म्हणाले, "आता हलू नको." नाही हललो. सोनबा देवाघरी गेले, त्यांचा मुलगा मुंबईला कामाला गेला, सून दर्शना सासूजवळ राहिली. गुरं आली, गुरं गेली. दाव्यानं माझ्या मानेला खाच पडली, पण मी जागचा हललो नाही.

मला मान होता बरं का! आमच्या वाडीत गाभण गाईचा खुंटा कुणी हलवत नाही. हलवला तर वासरू दगावतं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. दिवाळीत तांबूला ओवाळलं की हळदीकुंकवाचं एक बोट माझ्याही डोक्याला लागायचं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. पण तोच मान पुढे सगळ्यांच्या अंगाशी आला.

तळीयेला दरड कोसळली, त्यानंतर एका साली आमच्या उतारावर लावायला सरकारी रोपांचा टेम्पो आला. त्या रोपांच्या मातीतूनच ह्या पिवळ्या मुंग्या आल्या, असं लोक म्हणतात. खरंखोटं देव जाणे. लांब पायांच्या, बारीक, आणि डोकं फिरल्यासारख्या सैरावैरा पळणाऱ्या. चावत नाहीत हो, चावल्या असत्या तर परवडलं असतं. अंगातून आंबट पाणी सोडतात, आणि ते डोळ्यांत गेलं की डोळा जातो.

आधी कोंबड्यांची पिल्लं गेली. मग गेल्या खेपेला तांबूचं वासरू. अजून चारी पायांवर धड उभं राहिलं नव्हतं, तोवर ह्यांनी त्याचे डोळे गाठले. दोन्ही बुबुळांवर पांढरा पडदा आला. आंधळं वासरू आईच्या वासावर चालायचं. एक दिवस वास चुकला आणि ते बांधावरून खाली पडून मेलं. तांबू माझ्याजवळ उभी राहून हंबरायची. तिला सोडून पळून जावं असं मला वाटायचं, पण खुंट्याला कसले पाय!

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. माणसं आली. पहिल्यांदा आली ती बाटलीत मुंग्या भरून घेऊन गेली. नंतर आली त्यांनी पांढरी पावडर मारली. मुंग्या आठवडाभर शेजारच्या रानात राहून परत आल्या, जीव गेला तो परसातल्या गांडुळांचा. मग एका टोळीनं घरोघरच्या अंगणांत गोडसर दाणे टाकले. मुंग्यांनी ते दाणे उचलून घरात न्यायचे, राणीला भरवायचे आणि सगळं घरच मरायचं, अशी ती युक्ती होती. युक्ती चांगली होती हो. पण दाणे तसेच पडून राहू द्या, हे सांगणारा माणूस अर्धं लोकांशी बोलत होता आणि अर्धं फोनवर. जाता जाता मात्र मोठ्यानं बजावून गेला, की उद्या वरचे साहेब पाहणीला येणार आहेत, वाडी नीट दिसली पाहिजे.

झालं! साहेब येणार म्हटल्यावर आमच्या बायका गप्प बसतात होय? पहाटेपासून खराटे फिरले. अंगणं झाडली, शेणानं सारवली, दारात रांगोळ्या निघाल्या. दाणे सगळे उकिरड्यावर. मी गोठ्यातून बघत होतो आणि आतल्या आत तडफडत होतो. साहेबांनी सारवलेल्या अंगणांतून फेरफटका मारला, पोहे खाल्ले, एकही मुंगी दिसली नाही म्हणाले आणि वाडी मुंगीमुक्त झाल्याचं सांगून निघून गेले. शेण वाळायच्या आत मुंग्या परत उंबऱ्यावर हजर.

त्यानंतर वाडीचं डोकंच फिरलं. शेजारचा चांगू तर पेटलाच. पंचायतीत बैठक झाली, तिथे सरकारी ऑफिसवाले म्हणाले तुम्हीच औषध झाडून टाकलंत. चांगू म्हणाला, अंगण सारवून ठेवा हे कोण बोललं होतं? दोन्ही बाजू खऱ्या, आणि मुंग्या दोघांनाही हसत होत्या. चांगूनं मुंग्यांचे व्हिडिओ काढून पाठवले, तर उत्तर आलं की व्हिडिओवर काम होत नाही, प्रत्यक्ष पाहणी लागते. चांगू येता जाता एकच म्हणायचा, "मुंग्या रोज येतात. साहेब कधी येतात?"

आणि ह्या सगळ्या काळात मुंग्यांचं घर कुठे होतं? माझ्या पायाखाली. तांबूचं मूत मुरून माझं बूड कुजलं होतं, तिथे त्या शिरल्या होत्या. अंडी, पिल्लं, राण्या, सगळा संसार. पावडरवाले माझ्या भोवतीनं गेले. दाणेवाले तर गोठ्यात वाकलेच नाहीत. घरच्यांनी मला उपटून बघितलं असतं, पण तांबू पुन्हा गाभण होती आणि गाभण गाईचा खुंटा हलवायचा नाही. पुन्हा एकदा आपण तेच पाप बघणार, ह्या विचारानं माझं लाकूड नुसतं करकरायचं. दर्शनाला वाटायचं वाळवी लागली.

आज सकाळी तांबूला कळा लागल्या, आणि ती काही केल्या खाली बसेना. माझ्यापासून लांब ओढ घ्यायची, पाय आपटायची, परत ओढ घ्यायची. कुजलेल्या बुडाला तेवढं पुरलं. मी कलंडलो. मातीतून पांढऱ्या अंड्यांचा लोट वर आला आणि मागोमाग पिवळा थर उसळला.

ठकूबाई माझ्याकडे वाकली. दर्शना घाबरून म्हणाली, "आई, गाभण गाईचा खुंटा हाय. हात नका लावू."

ठकूबाईनं पदर खोचला. म्हणाली, "रीत मी उद्यापासून पाळीन, गो. आज वासराचं डोळं राखायचं हाय."

दोघींनी मिळून तांबूला फणसाखाली नेलं, चुलीतली होती नव्हती ती राख तिच्याभोवती कडं करून घातली. मग ठकूबाईनं मला दोन्ही हातांनी धरून उपटलं. सोनबांचा शब्द मोडला, पण मला सुटल्यासारखं वाटलं. तिनं गोठ्यातल्या खड्ड्यात उकळतं पाणी ओतलं आणि अंगणात काटक्या रचल्या.

तेवढ्यात चांगू आला. मला बघून त्याचे डोळे चमकले. मला म्हणे जाळायचं नाही. वाडीत मुंगी नाही म्हणतात ना, मग हा पुरावा साहेबांच्या पुढ्यात ठेवायचा. त्यानं फोनही लावला. साहेब महाडहून निघाले आहेत, पोचतीलच. मी चांगूला दोष देत नाही. खोटं ठरवलं गेलेलं माणूस पुराव्याला असं घट्ट धरणारच. ठकूबाई तांबूजवळ गुंतली होती, दर्शना दोघांच्या मध्ये काडेपेटी घेऊन उभी. साहेब निघालेत म्हणून काटक्या तशाच राहिल्या.

साहेब पोलादपूरला पोचले असा फोन आला. तिथे चहाला थांबले असाही आला.

आणि मुंग्या? त्या थांबत नाहीत हो! आता ह्या घटकेला माझ्या बुडातून एक रांग बाहेर पडली आहे, तोंडात अंडी धरून, सरळ फणसाकडे. राखेच्या कड्यापाशी पोचल्या. फणसाच्या मुळाशी जिथे राख विरळ पडली आहे, तिथे चाचपडतायत. पलीकडे तांबू आडवी झाली आहे, वासराचे पुढचे दोन खूर दिसतायत. अरे, कुणीतरी बघा! आज पुरावा काय करायचा? मीच आहे ना त्यांचं घर, मला जाळा!

दर्शनानं रांग पाहिली. "आई!" एवढंच ओरडली आणि मूठभर राख उचलून त्या फटीवर टाकली. ठकूबाई उठली, तिनं रांग पाहिली, मला पाहिलं आणि सुनेच्या हातातली काडेपेटी घेतली.

चांगू आडवा आला. म्हणाला, "काकी, साहेब पोचतीलच. त्यांना दाखवायला काय राहील?"

"त्यांना राख दाखव," ठकूबाई म्हणाली, आणि तिनं मला उचलून काटक्यांवर ठेवलं.

चांगू बाजूला झाला. मग त्यानंच वाळका पेंढा आणून माझ्या बुडाशी कोंबला.

पेटलोय मी. ऐनाचं लाकूड आहे, सावकाश जळेन, पण बूड पोकळ आहे ना, ते आधी पेटलं. आत चटचट आवाज होतोय. फणसाखाली वासरू खाली आलं. तांबू त्याला चाटते आहे. पाडी आहे. ठकूबाईनं ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, आणि पाडीनं डोळे उघडले. काळेभोर, स्वच्छ. माझ्या ज्वाळेकडेच बघते आहे बहुतेक.

रानात ह्यांची आणखी घरं आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. नवा खुंटा रोवाल त्याला मान द्या, हळदकुंकू लावा, पण त्याचं बूड बघत जा. साहेब आले की त्यांना अंगणात नका बसवू, गोठ्यात वाकायला लावा. आणि माझी राख निवली की चिमूटभर त्यांना दाखवा, बाकीची सगळी त्या पाडीभोवती घाला. नीट घाला, कुठे विरळ ठेवू नका.